आजीने शिक्षणासाठी दिलेले पैसे नातवाने उडवले: आता कोण काय मागू शकतं?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने दिलेल्या पैशांवरून भांडण पेटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पैसे अमुक कामासाठी दिले होते, उडवायला नव्हते दिले." बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण तेच वाक्य घेऊन वकिलाकडे गेलं की तो भलतेच प्रश्न विचारतो. कोणत्या खात्यातून गेले? त्या वेळी काही लिहिलं होतं का? किती वर्षं झाली? तक्रार नेमकी कोणाची, तुमची की आईची? वकील मुद्द्याला बगल देतोय असं घरच्यांना वाटतं, पण मुद्दा या प्रश्नांतच असतो. तो उलगडायला एक कल्पित कुटुंब घेऊ.

सांगलीतल्या एक निवृत्त शिक्षिका, वय ७६. घरात सगळे त्यांना माई म्हणतात. ग्रॅच्युइटीच्या पैशांची ठेवलेली एफडी मोडून त्यांनी थोरल्या मुलाच्या मुलाला, ओंकारला, आठ लाख रुपये पाठवले. त्याला पुण्यात एमबीए करायचं होतं. प्रवेश त्याने घेतलाच नाही. पैसे शेअर बाजारातल्या फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भावाच्या चढउतारावर लावलेल्या सौद्यांत, घातले आणि काही महिन्यांत संपवले. (तो एकटा नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०२४ सालच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात गेल्याचं दिसलं.) गणपतीला सगळे जमले तेव्हा हे फुटलं. धाकटा मुलगा मिलिंद म्हणाला, "ते उसने होते, परत कर." मुलगी वंदना म्हणाली, "त्यात आमचाही वाटा होता." थोरला सुहास म्हणाला, "माईने राजीखुशीने दिले, तुम्हाला काय करायचंय?" आणि माई म्हणाल्या, "अरे, मी शिकायला दिले होते."

मिलिंदच्या लेखी ते कर्ज आहे, वंदनाच्या लेखी वारसा, सुहासच्या लेखी बक्षीस आणि माईंच्या लेखी एका कामासाठी दिलेली रक्कम. पैसे खात्यातून गेले त्या दिवशी ते काय म्हणून गेले, हे कायदा आधी ठरवतो. पुढे त्यांचं काय झालं, याला त्यानंतरच महत्त्व येतं. आपण घरात नेमकं उलटं करतो. उधळपट्टीवर तासन् तास बोलतो आणि देण्याच्या दिवसाबद्दल कोणाला नीट काही आठवत नाही.

सुरुवात सुहासच्या म्हणण्यापासून करू, कारण कागदपत्र नसतील तर बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने पारडं झुकतं. आपल्याकडे बक्षिसाचा कायदा १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. स्वतःच्या मर्जीने, मोबदला न घेता एखादी गोष्ट दिली आणि देणारा हयात असताना घेणाऱ्याने ती स्वीकारली, की बक्षीस पूर्ण झालं. घर किंवा जमीन असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि दोन साक्षीदार लागतात. पैशाला यातलं काही लागत नाही. पैसे हातात दिले किंवा खात्यात जमा झाले की पुरे. म्हणूनच आठ लाखांचं बक्षीस मोबाइलवर दोन मिनिटांत होतं आणि ते बक्षीस होतं की आणखी काही, यावर मात्र पुढे वर्षानुवर्षं वाद चालू शकतो.

बक्षीस एकदा पूर्ण झालं की ते पैसे घेणाऱ्याचे. त्याने शिकावं, गाडी घ्यावी की सट्टा खेळावा, हे देणाऱ्याला मागाहून ठरवता येत नाही. "शिकायला देते" असं म्हणणं ही कायद्याच्या नजरेत इच्छा आहे, अट नव्हे. अट म्हणजे त्या गोष्टीवाचून पैसे परत येतील, असं दोघांनी देतानाच ठरवलेलं असणं. याच कायद्याच्या कलम १२६ मध्ये त्याला जागा आहे. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली अमुक घटना घडली तर बक्षीस रद्द होईल, असं दोघांनी आधी मान्य केलेलं असेल तर ते रद्द करता येतं. "मला वाटेल तेव्हा परत घेईन" ही अट मात्र चालत नाही, आणि अशी अट घातलेलं बक्षीस तेवढ्यापुरतं निरर्थक ठरतं.

माईंनी पैसे पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर "या वर्षी प्रवेश घेतला नाहीस तर ही रक्कम मला परत करायची" एवढं लिहिलं असतं आणि ओंकारने "हो आजी, नक्की" असं उत्तर दिलं असतं, तर सगळं चित्र वेगळं असतं. असा संदेश न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतो, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पण नातवाला असं लिहिणं कोणत्या आजीला सुचतं? सुचलं तरी आपल्याकडे ते अविश्वासाचं लक्षण मानतात. ही समजूत महागात पडते असं माझं मत आहे, पण ती आहे हे खरं.

आता मिलिंदचं म्हणणं, की पैसे उसने होते. तसं असेल तर माईंना ते वसूल करता येतील, पण दोन अडचणी आहेत. पहिली पुराव्याची. खात्यातून पैसे गेले एवढ्याने कर्ज सिद्ध होत नाही. कर्ज होतं असं जो म्हणतो, त्यालाच ते दाखवावं लागतं. मग बारीकसारीक गोष्टी पाहिल्या जातात. आधी कधी काही रक्कम परत आली आहे का? "पुढच्या महिन्यापासून देतो" असा एखादा संदेश आहे का? घेणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात ते देणं म्हणून दाखवलं का? देणाऱ्याकडे एकूण होतं किती आणि त्यातलं दिलं किती? सगळी पुंजी देऊन टाकणारं माणूस ती कायमची दिली असं सहसा म्हणणार नाही, असा युक्तिवाद वकील करतात आणि त्यात तथ्य आहे. रोख दिले असतील तर काम अवघडच. शिवाय २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे.

कधीकधी पुरावा असतो, पण तो देणाऱ्याच्याच विरुद्ध जातो. अमेरिकेत घर घेणाऱ्या मुलाला पुण्या-मुंबईचे आईवडील डाउन पेमेंटसाठी पैसे पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत तसं करता येतं. तिकडची कर्ज देणारी संस्था मग आईवडिलांकडून एक पत्र मागते: ही भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. मुलगा म्हणतो, "फॉर्मॅलिटी आहे, सही करा." घरात मात्र बोलणं झालेलं असतं की पाच वर्षांत परत करायचे. पुढे सुनेशी बिनसलं किंवा मुलगी-जावई वेगळे झाले, तर ते पत्र बाहेर निघतं आणि "उसने दिले होते" हे तोंडी बोलणं त्यापुढे टिकत नाही. आईवडिलांनी सही केलेली असते आणि मजकूर वाचलेलाही नसतो.

दुसरी अडचण मुदतीची, आणि घरोघरी हीच नडते. उसने पैसे वसूल करण्याचा दावा लावायला १९६३च्या मुदत कायद्याने तीन वर्षं दिली आहेत. परतफेडीची तारीख ठरली असेल तर ती त्या तारखेपासून मोजतात. "मागेन तेव्हा दे" असं ठरलं असेल तर पुष्कळांना वाटतं की मागितल्यापासून तीन वर्षं. तसं नाही. अशा उसन्याची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासूनच सुरू होते. आई म्हणते, सध्या त्याची नोकरी गेली आहे. मग म्हणते, घरात लग्न आहे. मग बाळंतपण. एवढ्यात तीन वर्षं उलटतात. त्याआधी घेणाऱ्याने "तुझे अमुक रुपये मी देणं लागतो" असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. मुदत संपून गेल्यावरही त्याने ती रक्कम देण्याचं लेखी वचन सही करून दिलं, तर करार कायदा ते वचन मानतो. त्यामुळे वेळ गेली म्हणून सगळंच गेलं असं समजू नये. पण त्याने ते लिहून द्यायला हवं, आणि भांडण झाल्यावर कोणी लिहून देत नाही.

तिसरा प्रकार माईंच्या मनातल्या अर्थाच्या सर्वांत जवळचा आहे आणि घरात त्याची ओळख कोणालाच नसते: सोपवलेले पैसे. समजा माईंनी आठ लाख सुहासच्या खात्यात टाकले आणि सांगितलं, "ओंकारच्या कॉलेजला भर." सुहासने त्यातून स्वतःचं कर्ज फेडलं. इथे सुहासला काही बक्षीस मिळालेलं नाही. दुसऱ्याचे पैसे ठरावीक कामासाठी त्याच्या ताब्यात होते आणि त्याने ते स्वतःकडे वळवले. याला फौजदारी विश्वासघात म्हणतात. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५-४०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. ओंकारच्या आणि सुहासच्या कृत्यात घरच्यांना फरक दिसत नाही. दोघांनीही माईंचे पैसे खाल्ले, एवढंच दिसतं. कायद्याला तो दिसतो, कारण एकाला पैसे दिले होते आणि दुसऱ्याकडे ते ठेवले होते.

म्हणून लगेच पोलीस ठाण्यात जावं का? तिथे "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा" हे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. पोलीस टाळाटाळ करतात हे एक कारण. दुसरं असं की दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलं आहे. सोपवणूक स्पष्ट दिसणारे कागद हातात नसतील तर हा रस्ता धरू नये. आणि पोटच्या मुलावर गुन्हा दाखल करायला सही करणारी आई विरळाच.

सोपवलेल्या पैशांचा सगळ्यात मोठा साठा मात्र वेगळ्याच ठिकाणी असतो: आईवडिलांचं एटीएम कार्ड, त्यांच्या फोनमधलं यूपीआय आणि जोडखातं. आईला बँकेत जाणं जमत नाही म्हणून मुलाचं नाव खात्याला जोडतात, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीने. त्यानंतर मुलगा समजतो की खातं अर्धं आपलं झालं. तसं होत नाही. या नोंदीने बँकेला एवढंच कळतं की कोणाच्या सहीवर पैसे द्यायचे. पैसे कोणाचे, हे ते कोणी आणि कशासाठी भरले यावरून ठरतं. आईच्या पेन्शनमधून मुलाने स्वतःचा हप्ता भरला, तर आईने तसं सांगितलं होतं हे त्यालाच दाखवावं लागेल. नॉमिनीचंही असंच. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे हातात घेणारा माणूस. ते वारसांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, त्याने हे तत्त्व बदललेलं नाही. आयुर्विम्यात २०१५च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.

आता समजा पैसे बक्षीसच दिले, पण देणाऱ्याची मर्जी खरी नव्हती. १८७२च्या करार कायद्यातलं कलम १६ अनुचित प्रभावाबद्दल आहे. वय, आजारपण किंवा मनस्ताप यांमुळे ज्याची विचारशक्ती क्षीण झाली आहे, त्याच्याशी व्यवहार करणारा वरचढ स्थितीत असतो, असं हे कलम मानतं. त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतला असेल तर व्यवहार रद्द होऊ शकतो. व्यवहार उघड उघड अन्यायाचा दिसत असेल तर आपण दबाव आणला नाही हे सिद्ध करण्याचा बोजा वरचढ माणसावर येतो. एरवी जो तक्रार करतो त्याला सिद्ध करावं लागतं, इथे चक्र उलटं फिरतं. न्यायालय कशाकडे पाहतं? आई एकाच मुलाच्या घरी राहत होती का, बाकीच्यांचे फोन तिच्यापर्यंत पोचत होते का, बँकेत तिच्यासोबत कोण गेलं, दिल्यानंतर तिच्याकडे औषधाला पैसे उरले का, बाहेरच्या कोणा माणसाचा सल्ला तिला मिळाला का.

यात एक गोष्ट कडू वाटली तरी सांगायला हवी. शहाण्यासुरत्या ८० वर्षांच्या बाईला आपले पैसे मूर्खपणाने देण्याचा पूर्ण अधिकार आहे. मुलांना पटलं नाही म्हणजे दबाव झाला, असं होत नाही. "आईला काही कळत नाही" असं म्हणणाऱ्या कित्येक मुलांची खरी चिंता आपला वाटा कमी होईल ही असते, आणि आईला ते कळतंही. स्मृतिभ्रंशाने खरोखर कळेनासं झालं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे. डॉक्टरांचे कागद त्यासाठी वेळेवर गोळा करावे लागतात, पैसे गेल्यानंतर दोन वर्षांनी नव्हे.

ज्येष्ठांच्या पैशांचा विषय निघाला की कोणीतरी २००७चा कायदा सांगतंच: आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. त्याच्याबद्दल अपेक्षा फार आणि माहिती अर्धवट, म्हणून इथे जरा थांबू. या कायद्याखालचं न्यायाधिकरण आपल्याकडे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत ऑफिसात असतं. ६० वर्षांवरच्या व्यक्तीला तिथे साधा अर्ज करता येतो. तिला जमत नसेल तर तिने सांगितलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. कायद्यातल्या "मुलां"मध्ये सज्ञान नातू-नातही येतात, त्यामुळे ओंकार सुटत नाही. निर्वाहाचा, म्हणजे मुलांकडून दरमहा खर्चाला पैसे मिळण्याचा, अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा, फार तर ३० दिवस वाढवून, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ती आजच्या औषधांच्या खर्चापुढे तोकडी आहे, पण नियमित हुकूम हातात असणं काही कमी नाही.

बक्षिसाबद्दलचं कलम २३. ज्येष्ठ व्यक्तीने आपली मालमत्ता अशा अटीवर दिली असेल की घेणाऱ्याने तिच्या मूलभूत गरजा भागवाव्यात, आणि त्याने तसं केलं नाही, तर ते देणं फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं धरून न्यायाधिकरण रद्द करू शकतं. या कायद्यात मालमत्ता म्हणजे फक्त घर-जमीन नव्हे. जंगम मालमत्ताही त्यात आली, म्हणजे पैसेही आले. अटीवरून बराच वाद झाला आहे. अट होती हे दाखवल्याशिवाय कलम २३ लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. पुढे २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात न्यायालयाने जरा मोकळा हात ठेवला. तिने २०१९ मध्ये मुलाला घर बक्षीस दिलं होतं. मुलाने वेगळ्या कागदावर सांभाळण्याचं वचन दिलं होतं, पण बक्षीसपत्रात ते नव्हतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात आई हरली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावावा असं म्हटलं आणि बक्षीस रद्द ठरवून घराचा ताबा आईला द्यायला सांगितलं.

मग माईंनी प्रांताकडे जावं? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. कलम २३ विचारतं की घेणाऱ्याने ज्येष्ठाला सांभाळलं का. पैसे ठरल्या कामासाठी वापरले का, हे ते विचारत नाही. ओंकार आजीला रोज फोन करत असेल, दवाखान्यात नेत असेल आणि त्याच वेळी त्याने आठ लाख बाजारात बुडवले असतील, तर हे कलम त्याला लागत नाही. उलट एखाद्या नातवाने पैसे शिक्षणावरच खर्च केले, पदवी घेतली, नोकरीला लागला आणि सांभाळण्याचं कबूल करूनही आजीकडे ढुंकून पाहिलं नाही, तर त्याला ते लागू शकतं. शिवाय घराचा ताबा परत मिळवता येतो, बाजारात गेलेले पैसे परत येत नाहीत. हुकूम मिळाला तरी वसुली त्या माणसाच्या खिशात काय आहे यावरच अवलंबून. ओंकारकडे काहीच नसेल तर निर्वाहाचा अर्ज, तोही कमावत्या मुलांविरुद्ध, हा माईंसाठी जास्त उपयोगाचा ठरेल. त्यात मिलिंद आणि वंदनाही प्रतिवादी होऊ शकतात, हे त्या दोघांच्या लक्षात आलेलं नसतं.

वंदनाचं म्हणणं राहिलं: "त्यात आमचाही वाटा होता." माईंच्या ग्रॅच्युइटीत, त्या हयात असेपर्यंत, कोणाचाच वाटा नाही. स्वकष्टार्जित पैशावर मुलांना वारसाहक्क मिळतो तो मृत्यूनंतर, आणि तोही तेव्हा जे उरलं असेल त्यावर. म्हणून आज माई गप्प बसल्या तर मिलिंद आणि वंदना यांना ओंकारविरुद्ध स्वतःच्या नावाने काही करता येत नाही. खूप घरांत भावंडं एकमेकांना नोटिसा पाठवतात आणि ज्या व्यक्तीची तक्रार असू शकते तिला कोणी विचारलेलंच नसतं.

पैसा वडिलोपार्जित असेल तर हे उत्तर बदलतं. शेत विकून आलेली रक्कम, महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला, यावर हिंदू एकत्र कुटुंबात सहदायादांचा, म्हणजे जन्माने वाटेकरी होणाऱ्यांचा, जन्मतःच हक्क असतो आणि २००५च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही. कर्त्याने, म्हणजे कुटुंबप्रमुखाने, तो मोबदला एकट्या मुलाच्या किंवा नातवाच्या हातावर ठेवला तर बाकीचे आव्हान देऊ शकतात, कारण कर्त्याला बक्षीस देण्याची मुभा फार थोडी आहे. त्यामुळे "पैसे आले कुठून" हा प्रश्न "पैसे गेले कुठे" याच्याइतकाच आधी विचारावा. सातबारा आणि फेरफार काढले की अर्धा वाद तिथेच स्पष्ट होतो.

माई गेल्यानंतर काय? समजा ते आठ लाख त्यांनी ओंकारला नव्हे तर सुहासला दिले असते. वाटणीच्या वेळी ते सुहासच्या हिश्शातून आपोआप वजा होतील, असं भावंडं गृहीत धरतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात अशी वजाबाकी नाही. बक्षीस दिलं ते दिलं, उरलेल्याचे समान वाटे. ते कर्ज होतं असं दिसलं तर मात्र सुहास माईंच्या मालमत्तेचं देणं लागतो आणि ते हिशेबात येतं. माईंना खरोखर समान वाटणी हवी असेल तर त्यांनी मृत्युपत्रात तसं लिहायला हवं: सुहासला आठ लाख आधी दिले आहेत, ते धरून वाटे करावेत. एवढी एक ओळ घरातलं पुढचं भांडण टाळू शकते, आणि मृत्युपत्र करायला नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात.

तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात गेलं की चित्र पार बदलतं. पोर्तुगीजांच्या १८६७च्या नागरी संहितेतून आलेलं आणि आता २०१२च्या गोवा वारसा कायद्यात असलेलं तत्त्व असं, की माणसाला आपल्या मालमत्तेचा निम्माच भाग मर्जीने देता येतो. उरलेला निम्मा मुलांसारख्या वारसांसाठी राखीव असतो. हयातीत एका मुलाला दिलेली देणगी, देणाऱ्याने वेगळं काही नमूद केलं नसेल तर, मृत्यूनंतर इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याच्या, वेळी हिशेबात परत धरली जाते. देणगीने राखीव भागात हात घातला असेल तर ती तेवढी कमी करता येते. म्हणजे वंदनाचं वाक्य सावंतवाडीत जवळजवळ निरुपयोगी आहे आणि गोव्यातल्या पेडण्यात त्याला वजन आहे. भाषा तीच, नात्यागोत्याची माणसं दोन्हीकडे. घरच्या गप्पांत त्यामुळे किती गोंधळ होत असेल, कल्पना करा.

कराचं थोडक्यात. जवळच्या नातेवाइकाकडून आलेल्या भेटीवर घेणाऱ्याला कर नाही, रक्कम कितीही असो. आजीकडून नातवाला, काकाकडून पुतण्याला आलेले पैसे यात बसतात. गंमत अशी की उलट दिशेने, पुतण्याने म्हाताऱ्या काकाला वर्षात ५०,०००हून जास्त दिले तर काकाला ते उत्पन्नात धरावे लागतात, कारण कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत पुतण्या नाही. सुनेला दिलेल्या पैशांवरचं व्याज सासऱ्याच्या किंवा सासूच्याच उत्पन्नात मोजतात. आणि भेट असो वा काही, एका व्यक्तीकडून दिवसाला दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही.

पैसे अजून द्यायचे असतील तर काम सोपं आहे. शक्य असेल तिथे थेट कॉलेजच्या, दवाखान्याच्या किंवा बिल्डरच्या खात्यात भरावेत, मधल्या कोणाच्या खात्यात नको. एका वेळी सगळे देऊ नयेत. फी सत्राप्रमाणे भरायची असेल तर पैसेही सत्राप्रमाणे द्यावेत. आणि एक कागद करावा, साध्या वहीच्या पानावरही चालेल: ही भेट आहे, किंवा हे उसने आहेत आणि अमुक तारखेपासून दरमहा इतके परत करायचे, किंवा हे अमुक कामासाठी आहेत आणि ते काम अमुक तारखेपर्यंत झालं नाही तर परत करायचे. तिन्हींपैकी एकच लिहावं, दोघांनी सही करावी आणि फोटो बाकीच्या भावंडांना पाठवून द्यावा. लपवून दिलेल्या पैशांचाच पुढे जास्त बोभाटा होतो.

पैसे गेलेच असतील, तर ओंकारकडून मिळू शकेल असं व्यवहार्य काय ते पाहावं. त्याला आठ लाख एकदम देता येणार नाहीत. नोकरीला लागल्यावर महिना आठ-दहा हजार देता येतील. मामा, आत्या किंवा दोन्ही बाजूंना मान्य असलेलं कोणी मध्ये बसून हे ठरवू शकतं. जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी होते, त्यासाठी आधी दावा लावावा लागत नाही. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरही पुढचा मार्ग विचारता येतो. ठरेल ते लिहून घ्यावं आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: एकूण देणं किती याची ओंकारची कबुली, हप्त्याची रक्कम व तारीख, आणि हप्ते कोणाच्या खात्यात जायचे ते. ते खातं माईंचं एकटीचं असावं. हा कागद पैसे दिल्यापासून तीन वर्षांच्या आत झाला तर उत्तम. आधी तो कर्ज मानत नसला तरी कबुलीनंतर "ते बक्षीस होतं" असं म्हणणं त्याला जड जाईल. माई त्याला त्यातली काही रक्कम माफ करू पाहत असतील तर तेही त्याच कागदावर लिहावं. तो निर्णय त्यांचा आहे, मिलिंद-वंदनाच्या संमतीची त्याला गरज नाही.